नॅसकारची रविवारची रेस: गाड्या सुसाट, घड्याळ मात्र टीव्हीवाल्यांच्या हातात

आधी मार्क सांगून टाकतो म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. नॅसकार म्हणजे अमेरिकेतली रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या रेसगाड्यांची मालिका, तिच्या रेसला पाचपैकी साडेचार. ट्रॅकवर जाऊन बघायच्या अनुभवाला चार. सुरू व्हायच्या वेळेला दीड, आणि त्यातला अर्धा पण शनिवारच्या रात्रीच्या रेसमुळे मिळालाय, नुसत्या रविवारवाल्यांना मी एकच दिला असता.

मी राहतो नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला, म्हणजे नॅसकारचं माहेरघरच म्हणा ना, बहुतेक टीमांची वर्कशॉपं इथून तासाभराच्या आत, कॉन्कर्ड, मूर्सव्हिल वगैरे, हॉल ऑफ फेम पण इथेच डाउनटाउनमध्ये. आपली मराठी मंडळी बरीच आहेत इथे, बँकांच्या आयटीत कामाला, पण रेसचा विषय काढला की ठरलेलं वाक्य येतं, "अरे नुसतं गोल गोल फिरतात, त्यात काय बघायचं?" यावर माझं एकच म्हणणं, एकदा अलाबामातल्या टॅलाडेगाला जाऊन उभे राहा. २.६६ मैलांचा ट्रॅक, वळणाला ३३ डिग्रीचा उतार, चाळीसेक गाड्या एकमेकींच्या बंपरला चिकटून ताशी १८०-१९० मैलांनी अंगावरून जातात तेव्हा आवाज कानाला नाही, बरगड्यांना लागतो. कुंपणाजवळची सीट असेल तर टायरचे झिजलेले रबराचे बारके काळे तुकडे उडून तुमच्या चिप्सच्या पुड्यात पडतात, केसात अडकतात, घरी येऊन अंघोळ केली तरी कानामागे काळं निघतं. आणि भाड्याने स्कॅनर मिळतो तो घ्याच, त्यावर ड्रायव्हर आणि त्याचा क्रू चीफ, म्हणजे टीमचे डावपेच ठरवणारा, काय बोलतायत ते थेट ऐकू येतं, म्हणजे ऐकू काय, निम्म्या वेळा शिव्याच असतात, पण गाडी मागून सरकतेय का पुढून, किती पेट्रोल उरलंय, कधी आत यायचं, हे सगळं कळलं की गोल फिरणं गोल वाटेनासं होतं.

अजून एक मोठी गोष्ट, बहुतेक ट्रॅकवर आपला खाऊ आपण नेता येतो. १४ इंची मऊ कूलर चालतो, त्यात पोळीचे रोल, काकडी, दह्याचे डबे, बिअर, जे काय असेल ते. इथे एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, मॅचला घरचा डबा न्या म्हणावं कुणाला! त्यामुळे चार मार्क. एक मार्क कापला तो पार्किंगमधून बाहेर पडायला लागणाऱ्या वेळाचा. एका ट्रॅकवर, नाव घेत नाही, रेस संपून गाडीत बसलो तेव्हा पोरगं जागं होतं, हायवेला लागलो तेव्हा ते झोपून उठून परत झोपलं होतं. पण हा त्रास पण शेवटी वेळेशीच येऊन चिकटतो, दुपारी साडेचारला रेस संपली असती तर पार्किंगमध्ये दीड तास बसायला कुणाचं काय जात होतं, लोकं खुर्च्या टाकून परत शेगडी पेटवतात. रात्री साडेआठला तोच दीड तास जीव खातो कारण पुढे तीन तास ड्रायव्हिंग आणि सकाळी आठला मीटिंग.

तर आता वेळ. जुन्या फॅनला विचारा, नॅसकारची रेस किती वाजता? तो म्हणणार रविवारी एक वाजता. चर्चमधून या, जेवा, टीव्ही लावा, पाचच्या आत सगळं संपलेलं, संध्याकाळ मोकळी. ऑफिसात माझ्या शेजारी एक बसतात, रिटायरमेंटला आलेले, बापाच्या खांद्यावर बसून रेस बघितलेले, ते अजूनही एकच म्हणतात की एक वाजता सुरू होत नाही ती रेसच नाही. मला आधी वाटायचं हे म्हाताऱ्यांचं आपलं "आमच्या वेळी" चालू असतं. पण नंतर मी जरा खोलात गेलो आणि मला पटलं की यात भावनेपेक्षा हिशोब जास्त आहे.

हिशोब असा. कपची, म्हणजे नॅसकारच्या सगळ्यात वरच्या मालिकेची, रेस साधारण तीन ते साडेतीन तास चालते. ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर गाड्यांना गुळगुळीत स्लिक टायर असतात, पाण्यात ते निरुपयोगी, त्यामुळे मोठ्या ओव्हलवर पाऊस आला की रेस थांबली. (छोट्या ओव्हलवर आता ओल्यातले टायर काढलेत, २०२४ मध्ये रिचमंडला त्याच्यावर रेस सुरू केली, त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरला त्याच्यावर संपवली पण, क्रिस्टोफर बेल जिंकला. चांगली सोय आहे, पण डेटोना-टॅलाडेगासारख्या मोठ्या ओव्हलला काही कामाची नाही.) पाऊस थांबला की जेट इंजिनं लावलेल्या गाड्या फिरवून ट्रॅक सुकवायचा, अडीच मैलांचा ट्रॅक काही दहा मिनिटांत सुकत नाही. वर विजेचा नियम, ट्रॅकपासून आठ मैलांच्या आत वीज पडली की सगळं अर्धा तास बंद, आणि त्या अर्ध्या तासात परत पडली की घड्याळ परत शून्यावर. आता अमेरिकेच्या दक्षिणेला उन्हाळ्यात गडगडाट कधी होतो? दुपारी तीन-चारनंतर. रोज. आपल्याकडे मे महिन्यात वळवाचा पाऊस जसा संध्याकाळी येतो तसाच. मग रेस तीन वाजता ठेवायची आणि रेस सुरू करणारा हिरवा झेंडा सव्वातीन-साडेतीनला पाडायचा याचा अर्थ तुम्ही स्वतःहून ढगाखाली जाऊन उभे राहताय.

आणि हे नॅसकारवाल्यांना माहीत नव्हतं असं नाही हो! फ्लोरिडातल्या डेटोनाची ४ जुलैची रेस कित्येक वर्षं सकाळी सुरू व्हायची, दहा-अकराला, म्हणजे ऊन चढायच्या आणि ढग यायच्या आत खलास, आणि लोकं दुपारी समुद्रावर. १९८४ ला राष्ट्राध्यक्ष रेगन साहेबांनी विमानातून फोनवरून इंजिनं सुरू करा म्हणून सांगितलं आणि रिचर्ड पेटीने आपली २०० वी रेस जिंकली ती हीच, सकाळची. मग १९९८ ला डेटोनाला दिवे लागले आणि रेस रात्रीवर गेली. रात्रीची डेटोना दिसते झकास, रंग चमकतात, ठिणग्या उडतात, त्याबद्दल वाद नाही. पण २०१५ च्या जुलैत काय झालं बघा, रविवारी रात्री पावसाने खोळंबलेली रेस सुरूच झाली ११.४२ ला. संपली सोमवारी पहाटे पावणेतीनच्या सुमारास. डेल अर्नहार्ट ज्युनियर जिंकला आणि त्याच्या मागे शेवटच्या क्षणाला ऑस्टिन डिलनची गाडी उडून कुंपणावर आदळली, नशिबाने तो धडधाकट बाहेर आला. इतका भयानक शेवट आणि तो जागं राहून बघितला कुणी? ज्यांना दुसऱ्या दिवशी काम नाही त्यांनी. २०१९ ला शनिवारची रविवारवर गेली, रविवारी वीज पडली, १६० पैकी १२७ लॅपला, म्हणजे फेऱ्यांना, गुंडाळली. २०२२ ला शेवटी पावसाने यांना रविवारी सकाळी दहाला रेस घ्यायला लावलीच, म्हणजे फिरून फिरून जुन्या वेळेवर.

आता डेटोना ५०० घ्या, फेब्रुवारीची, सगळ्यात मोठी. यात दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवली की माझा सगळा मुद्दा तिथेच संपतो. २००९ ला हिरवा झेंडा पडला साडेतीन उलटून गेल्यावर. संध्याकाळी पाऊस आला, २०० पैकी १५२ लॅप झाले होते, संपली म्हणून जाहीर केलं, मॅट केन्सेथ विजेता. केन्सेथची चूक नाही त्यात, जो पुढे असतो तो जिंकतो, पण एक वाजता सुरू केली असती तर पाऊस यायच्या आत २०० लॅप होऊन बक्षीस वाटून झालं असतं. त्यानंतर यांना उपरती झाली आणि २०१० साठी नियम केला, पूर्वेकडच्या दिवसाच्या रेस एक वाजता, पश्चिमेकडच्या तीन वाजता, रात्रीच्या साडेसातला. सुटसुटीत. पाठ करायला पण लागत नाही. आणि त्याच २०१० च्या डेटोना ५०० ला ट्रॅकला खड्डा पडला! हो, खड्डा, आपल्या घोडबंदर रोडसारखा, भर रेसमध्ये, दोनदा लाल झेंडा, एकूण दोन तासांच्या वर रेस बंद, माणसं गुडघ्यावर बसून त्यात मसाला भरतायत. तरी पण रेस त्याच दिवशी पूर्ण झाली, पूर्ण काय, ओव्हरटाइम (शेवटी अपघात झाला की वाढवतात त्या फेऱ्या) धरून २०८ लॅप, जेमी मॅकमरे जिंकला, आणि रात्री फार उशीर व्हायच्या आत सगळं आटोपलं. का? कारण हातात दोन तास शिल्लक होते. एक वाजताच्या स्टार्टचा सगळा फायदा हा आहे, काहीतरी बिघडणारच आहे आणि बिघडलं तर निस्तरायला उजेड पाहिजे.

तो नियम पुढे हळूहळू विरघळला. एकचे दोन झाले, दोनचे अडीच, मग तीन, साडेतीन. कुणी जाहीर केलं नाही की आम्ही नियम मोडतोय. डेटोना ५०० अडीचवर गेली आणि २०२१ ला काय, १५ लॅप झाले, मोठा अपघात झाला, लगेच पाऊस, साडेपाच तासांच्या वर थांबले, आणि मायकल मॅकडॉवेल जिंकला तेव्हा तारीख बदलली होती. त्या माणसाची कपमधली पहिली जीत, साडेतीनशेच्या वर रेस करून मिळालेली, आणि शेवटच्या लॅपला आगीचा लोळ. ही गोष्ट शाळेतल्या पोरांनी जागेपणी बघायला पाहिजे होती. २०२० आणि २०२४ ला तर सरळ सोमवारवर गेली. बरं, फेब्रुवारीतला तो सोमवार प्रेसिडेंट्स डेचा असतो असं सांगतात, पण ती सुट्टी सगळ्यांना नसते, आम्हाला बँकेत आहे, हॉटेलात आणि कारखान्यात काम करणाऱ्याला नाही, आणि ग्रँडस्टँडमध्ये बसणारा निम्मा माणूस तोच आहे.

दिवे नसलेल्या ट्रॅकवर तर हा सगळा प्रकार जुगारच. लोकांना वाटतं सगळीकडे दिवे असतील, नाहीत. टॅलाडेगाला नाहीत, पोकोनोला नाहीत, मिशिगनला नाहीत, डोव्हरला नाहीत, न्यू हॅम्पशायरला नाहीत. मार्टिन्सव्हिलला पण नव्हते, २०१५ च्या १ नोव्हेंबरला जेफ गॉर्डन तिथे आपली शेवटची रेस जिंकला तेव्हा जवळजवळ अंधार पडला होता, त्याच पहाटे घड्याळं एक तास मागे गेलेली, त्यामुळे सूर्य लवकर गायब. त्या दिवशीचं त्याचं ते उड्या मारणं अंधारात दिसतं त्याची मजाच वेगळी, पण पंधरा-वीस लॅप अजून लांबली असती तर? २०१७ ला तिथे दिवे लावले, शहाणपण.

न्यू हॅम्पशायरचं २०२१ चं तर उदाहरण म्हणून शिकवावं. जुलै महिना, स्टार्ट तीन वाजता, दिवे नाहीत. सुरुवातीच्या काही लॅपमध्येच सरी आल्या, पुढे असलेल्या काइल बुशची गाडी ओल्या वळणावर सटकून भिंतीत, लाल झेंडा, तासाहून जास्त थांबले. मग परत सुरू केली, आणि शेवटी शेवटी कळवलं की अंधार होतोय, ३०१ ऐवजी २९३ लॅपला संपवणार. आठ लॅप! आठ लॅप म्हणजे किती वेळ, पाच मिनिटं पण नाही. अ‍ॅरिक अल्मिरोला जिंकला, चांगला जिंकला, पण मागचा क्रिस्टोफर बेल त्याला गाठत होता आणि ती आठ लॅप त्याची होती. तुम्ही तिकीट काढलं ते ३०१ लॅपचं. पावसाला कुणी काही करू शकत नाही मान्य, पण सूर्य किती वाजता मावळतो हे पंचांगात छापलेलं असतं ना, ते तर आदल्या वर्षी पण बघता येतं!

शिकागोच्या रस्त्यांवरच्या रेसमध्ये हे दोनदा झालं. २०२३ ला तिथली सुरुवातच ठेवली होती स्थानिक वेळेने साडेचारला, शहरात धो धो पाऊस, उशीर, आणि मग रेस चालू असताना सांगितलं की १०० नाही, ७५ लॅप. आता क्रू चीफ लोकांनी सगळा पेट्रोलचा हिशोब १०० वर बसवलेला, ज्यांनी नुकताच पिट स्टॉप (टायर-पेट्रोलसाठी थांबा) केला ते मागे पडले, जे कसेतरी टिकून होते ते अचानक पुढे. शेन व्हॅन गिसबर्गन, न्यूझीलंडचा, कपची पहिलीच रेस, तो १८ वा फेकला गेला आणि तिथून येऊन जिंकला म्हणून सगळे खूश झाले, नाहीतर त्या निर्णयावर आठवडाभर भांडणं झाली असती. पुढच्या वर्षी परत तेच, पाऊस, उशीर, मग ८.२० ला काय असेल तिथे संपवू म्हणून घोषणा, ७५ पैकी ५८ लॅप. दुसऱ्या वर्षी पण तीच चूक म्हणजे ती चूक राहत नाही, ते धोरण होतं.

मग धोरण कुणाचं? टीव्हीचं, अजून कुणाचं. दोन कारणं सांगतात, एक म्हणजे पश्चिम किनारा, तिथे आमचे तीन म्हणजे दुपारचे बारा, आमचे एक म्हणजे सकाळचे दहा, कॅलिफोर्नियावाला दहाला रेस लावेल का? दुसरं म्हणजे रविवारी जसजशी संध्याकाळ होते तसतसे जास्त टीव्ही चालू असतात, त्यामुळे आकडे वाढतात, जाहिरात महाग विकता येते. दोन्ही कारणं खोटी नाहीत. आणि पैसा किती आहे बघा, २०२५ ते २०३१ चा सात वर्षांचा करार ७.७ अब्ज डॉलरचा, फॉक्स, एनबीसी, अ‍ॅमेझॉन प्राइम आणि टीएनटी मिळून. आधीच्या करारात टीव्हीच्या पैशातले ६५ टक्के ट्रॅकवाल्यांना जायचे, २५ टीमना, १० नॅसकारला. म्हणजे ट्रॅकच्या मालकाचं पोट आधी टीव्हीवर भरतं, तिकिटावर नंतर. मग माझ्या आणि त्या ऑफिसातल्या काकांच्या सोयीने वेळ ठरेल ही अपेक्षाच भाबडी आहे. ग्रँडस्टँडमधला माणूस टीव्हीसाठी मागे रंगवलेला पडदा झालाय, फरक एवढाच की पडदा तिकीट काढत नाही.

पण मला टीव्हीवाल्यांचा हिशोब पण पूर्ण पटत नाही. सप्टेंबरपासून एनएफएल सुरू होतं, त्यांच्या मॅच एकला आणि चार ते साडेचारच्या मध्ये. तीन वाजता सुरू झालेली रेस पहिल्या मॅचच्या शेवटाला आणि दुसऱ्या मॅचच्या अख्ख्या पूर्वार्धाला भिडते, म्हणजे किताब ठरवणाऱ्या, वर्षातल्या सगळ्यात महत्त्वाच्या रेस, आणि ऐन रंगात आल्यावर लोकं रिमोट फिरवतात. दुपारी बारा-साडेबाराला चालू केली तर निदान शेवट दोन मॅचच्या मधल्या फटीत येईल. मी काही टीव्हीतला तज्ज्ञ नाही, पण एवढं तर दिसतं. आणि रेस लांबली की चॅनल बदलतं ते वेगळंच, अर्धी या चॅनलवर, राहिलेली त्या केबलवर, रेकॉर्डिंग लावलेलं तिथेच कापलं जातं.

अजून एक बारीक फसवणूक, जाहीर वेळ म्हणजे प्रक्षेपणाची वेळ. तीन लिहिलंय म्हणून तीनला टीव्ही लावलात तर प्रार्थना, राष्ट्रगीत, विमानं डोक्यावरून, ड्रायव्हरांची ओळख, "इंजिनं सुरू करा", दोन-चार संथ फेऱ्या, हिरव्या झेंड्याला वीसेक मिनिटं सहज. मला तो सोहळा आवडतो, खोटं का बोला, विमानं जातात तेव्हा अंगावर काटा येतो. पण वेळापत्रकात सरळ हिरव्या झेंड्याची वेळ छापा की, सिनेमावाले निदान जाहिराती धरून लोकांना सवय तरी लावतात.

पुण्यात माझा भाचा बघतो, त्याची वेगळीच कथा. उन्हाळ्यात आमचे तीन म्हणजे त्याच्याकडे रात्रीचे साडेबारा, रविवार संपून सोमवार लागलेला, रेस संपेपर्यंत पहाटेचे चार, सकाळी नऊला कॉल. एक वाजता असती तर साडेदहाला सुरू होऊन दोनपर्यंत आटपली असती, निदान झोपेची शक्यता होती. फेब्रुवारीत तर अजून एक तासाचा फरक, डेटोनाची अडीचची वेळ म्हणजे तिकडे रात्रीचा एक. गंमत अशी की जे इथे सगळ्यात उशिराचं ते भारतात सगळ्यात सोयीचं. शनिवारी साडेसातची ब्रिस्टलची रेस त्याला रविवारी पहाटे पाचला, चहा टाकून आरामात. इथल्या शार्लटची कोका-कोला ६०० पहाटे साडेतीनला सुरू, सकाळी आठपर्यंत. सगळ्यात वाईट ती मधली दुपारी तीनची वेळ, ती इथल्यांना पण नको आणि तिथल्यांना पण नको. फॉर्म्युला वन युरोपात असली की बहुतेक वेळा आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा, त्यांच्यात एकूण वेळेला तीन तासांची मर्यादा पण आहे, नॅसकारला असं काही नाही, ती ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम घेत बसते. २०२४ ला नॅशव्हिलला पाच ओव्हरटाइम झाले, ३०० ची ३३१ लॅप झाली, स्टार्ट साडेतीनचा, त्यात मध्ये वादळामुळे थांबलेले. दिवे होते म्हणून निभावलं.

आता उशीर म्हटलं की मी सगळ्यालाच शिव्या घालतो असं नाही. कोका-कोला ६०० संध्याकाळी सहाला असते ते बरोबरच आहे. त्याच दिवशी दुपारी इंडियानापोलिसला इंडी ५०० ही वेगळ्या, उघड्या चाकांच्या गाड्यांची मोठी रेस असते, दोन्ही बघायला मिळतात, एखादा बहाद्दर दोन्हीकडे गाडी चालवायला विमानाने पळतो, उन्हात सुरू झालेला ट्रॅक रात्री थंड होतो तशी गाडीची पकड बदलते, सगळी मजा त्यातच आहे, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी मेमोरियल डेची सुट्टी. तरी २०२४ ला ४०० पैकी २४९ लॅपवर पावसाने संपली, काइल लार्सन इंडीहून धावत आला आणि त्याला एक लॅप पण मिळाला नाही. तेवढा धोका मी चालवून घेतो. डार्लिंग्टनची सदर्न ५०० पण तशीच, लेबर डेचा सोमवार हातात. ब्रिस्टलची शनिवार रात्र तर घरचं कार्य. म्हणजे प्रश्न उशिराचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गजर लागलेल्या माणसाला रात्री आठपर्यंत बसवून ठेवण्याचा आहे. वानखेडेला मॅच लांबली की कर्जत-विरारवाले अठराव्या ओव्हरला उठून शेवटच्या गाडीसाठी पळतात, मी डोंबिवलीचा, मला ते पाय ओळखीचे आहेत. इथे तेच पाय शेवटच्या पन्नास लॅपला जिन्याकडे वळताना दिसतात. पोरांच्या कानावर मोठे हेडफोन, बाप एका हाताने कूलर ओढतोय, दुसऱ्या हाताने मुलगी, आणि मान मागे वळवून वळवून स्क्रीन बघतोय. दोनशे मैलांवरून आलेला माणूस, आणि शेवट रेडिओवर ऐकणार.

बरं झालं ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल रडतोच आहे. २०२५ च्या डेटोना ५०० ला पावसाचा अंदाज बघून यांनी वेळ एक तास आधी ओढली, दीड वाजता. पाऊस आलाच, तीन तासांच्या वर गेले, पण त्याच दिवशी रेस पूर्ण झाली, विल्यम बायरन लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकला. म्हणजे ओढता येते वेळ, आभाळ कोसळत नाही. त्याच वर्षी प्राइमवर पोकोनोची रेस दोनला ठेवली होती, दोन तास पावसाने खाल्ले, दिवे नाहीत, तरी चेस ब्रिस्कोने उजेडात ट्रॉफी घेतली. तीही साडेतीनला असती तर? आणि प्राइमवाल्यांनी रेस संपल्यावर लगेच "भेटू पुढच्या आठवड्यात" करून न पळता निवांत गप्पा दाखवल्या, ड्रायव्हर घामेजल्या कपड्यात येऊन बोलतायत, त्याला माझे पूर्ण मार्क. वेळेच्या खिडकीत कोंबायची घाई नसली की काय फरक पडतो ते दिसलं.

तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. पहिल्यांदा जाणार असाल तर सप्टेंबरातली ब्रिस्टलची शनिवार रात्र नाहीतर मेमधली कोका-कोला ६००, दोन्हीकडे उशीर झाला तरी दुसरा दिवस तुमचा. रविवारच्या रेसचं तिकीट काढायच्या आधी दोन गोष्टी बघा, ट्रॅकला दिवे आहेत का आणि स्टार्ट किती वाजता आहे, दिवे नाहीत आणि तीन वाजता असेल तर रविवार रात्रीचं हॉटेल धरूनच बजेट करा, सोमवारची सुट्टी टाकून ठेवा, नाही लागली तर परत घ्या. तिकिटाचा पावसाचा नियम वाचा, बऱ्याच ट्रॅकवर रेस पुढच्या दिवसावर गेली आणि तुम्हाला येता आलं नाही तर पुढच्यासाठी क्रेडिट मिळतं, पण निम्मं अंतर झालं की रेस अधिकृत धरतात, मग उरलेल्या निम्म्याचे पैसे मागायला जाऊ नका. कानातले बूच घरूनच न्या. स्कॅनर गेटवरच घ्या. आणि कूलरमध्ये रात्रीच्या जेवणाचे रोल पण टाका, दुपारचे तुम्ही राष्ट्रगीताच्या आधीच संपवलेले असतील.